हलक्या हातानं

१५ जानेवारी १९५५, अंबड
काल संक्रांत. घरी हळदीकुंकू होतं. मी वकील, बैठकीत मुवक्किलांमध्ये गुंतलेला. आत काय झालं ते नंतर आक्कानं सांगितलं. माझी ही थोरली बहीण आमच्याकडं राहायला आल्यापासून घरातलं सगळं तिच्याच नजरेखालून जातं.
सौ.चा उजवा हात इतका जड झालाय की करंडा उचलून धरवत नाही. तिनं डाव्या हातानं कुंकू लावायला घेतलं. समोरच्या बाईनं कपाळ मागं घेतलं. सौ. वाण तसंच ठेवून आत गेली, ती दिवेलागण झाली तरी बाहेर आली नाही.
सकाळी विचारलं. म्हणाली, काही न्हाई, थकल्ते जरा.
दुपारी कोर्टात पेशी. पुढची तारीख पडली.

१८ जानेवारी
कासाराला बोलवावं लागलं. भरायला नव्हे, वाढवायला. बांगड्या मनगटात रुतून बसल्या होत्या. आक्का तोंड फिरवून उभी. मंग तिनंच हळदीचा दोरा बांधला, सैल. सौ. त्या हाताकडं अशी बघत होती जसा तो शेजारणीनं ठेवायला दिलाय.
मुंबईला ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं. स्तनातली गाठ. स्तन काढलं, काखेतल्या गाठीही काढल्या. निघताना तिथले डॉक्टर बोलले होते की हात सुजू शकतो, जपा. कसं जपायचं ते विचारायचं राहून गेलं. गाठ गेली याच आनंदात गाडीत बसलो. गावात "पोटाचं ऑपरेशन" असं सांगितलंय. शालूलाही तेच. पोरगी चौदाची होईल आता, तिला काय सांगणार.

३० जानेवारी
आक्कानं एक मालीशवाली आणलीय. बाळंतिणी चोळण्यात तिचं नाव आहे. कोमट तिळाचं तेल, आणि दोन्ही अंगठ्यांनी रगडून मनगटापासून खांद्यापर्यंत. सौ. ओठ दाबून बसते. बाई म्हणते पाणी साकळलंय, फोडून काढावं लागतं.
मलाही बराबर वाटलं. साकळलेलं फोडायचंच.

६ फेब्रुवारी
हुडहुडी. सकाळी सौ. पांघरूण घेऊन थरथरत होती. हात कोपरापर्यंत लाल, तापलेल्या तव्यासारखा. मालीश बंद. आक्का देवापुढं बसली. पहिल्या मोटारीनं जालना.

७ फेब्रुवारी, जालना
मिशनच्या दवाखान्यात ठेवलंय. पेनिसिलीन चालू, डाव्या दंडात. डॉक्टर वयस्क, सबुरीनं बोलणारे. म्हणाले, काखेतल्या गाठी गेल्या की हातातलं पाणी वर चढायला वाट राहत नाही. ते तिथंच साचतं, आणि साचल्या पाण्यात जंतू जल्दी धरतो. रगडलं तर आहेत त्याही बारीक वाटा चेंगरतात. मी विचारलं, उपाय? ते म्हणाले, औषध नाही. पण ताप उतरू द्या, आमच्या एका सिस्टरला भेटवतो.
डॉक्टरांशी बोलून परत सौ.च्या खाटेशी बसलो. झोपेत तिनं तो हात दुसऱ्या हातानं धरून ठेवला होता.

१३ फेब्रुवारी, जालना
सिस्टर मार्था. आमच्याचकडली, बदनापूरची. मिशननं तिला शिकायला डेन्मार्क नावाच्या देशात पाठवलं होतं, गेल्या दिवाळीत परत आली. तिथं नर्सिंगसोबत ही एक मालीश शिकली. उंच, ठणठणीत बाई. बोलणं सरळ.
तिनं सांगितलं ते असं. अंगात रक्ताशिवाय आणखी एक पाणी फिरतं. त्याचे पाट कातडीच्या लगेच खाली, फार नाजूक, बोटाच्या जोरानं मिटतील असे. गळ्याशी, काखेत, जांघेत त्याचे हौद. सौ.चा काखेतला हौद मुंबईत काढला. तर आता पाणी आडवाटेनं दुसऱ्या हौदाकडं न्यायचं, छातीवरून डाव्या काखेकडं आणि कुशीवरून खाली जांघेकडं.
मी कायद्याचा माणूस, मला निम्मं कळलं. सौ. टेंभुर्णीची, शेतकऱ्याची लेक. तिनं विचारलं, "म्हणजे आधी पुढचा वाफा मोकळा करायचा, मंग मागलं पाणी सोडायचं?"
सिस्टर म्हणाली, "बराबर. म्हणून हाताला मी सगळ्यात शेवटी हात लावणार."
मग माझ्याकडं वळून बोलली की तिकडं ही मालीश सर्दीपडशाला, तोंडावरच्या सुजेला, मार लागल्यावर करतात. असल्या हातावर करणारे थोडे. तिथलेही पुष्कळ डॉक्टर अजून मानत नाहीत. हात पहिल्यासारखा होईल असं वचन ती देणार नाही.
वचन न देणारा माणूस मला बरा वाटतो. कोर्टात उलटंच बघतो.

१५ फेब्रुवारी, जालना
आज पहिल्यांदा केली. मी पडद्याबाहेर बसलो होतो, कानावर काहीच येईना. ना तेल, ना थापटणं. मध्येच सिस्टर सांगायची, पोट फुगवून श्वास घ्या. संपल्यावर सौ. बाहेर आली ती हसू दाबत. म्हणाली, बाई नुसती कातडी सरकवून राह्यल्या, वाटलं कुणी चेष्टा करतंय. आणि त्यातच डोळा लागला.
हात तसाच. पण सिस्टरनं पट्टा गुंडाळलाय, बोटांपासून वर, खाली घट्ट आणि वर सैल.

२० फेब्रुवारी, जालना
करंगळीच्या मुळाशी एक सुरकुती दिसून राह्यली. कालपर्यंत नव्हती. सौ.नं मला दाखवली, मी सिस्टरला. सिस्टरनं बघितली आणि नुसती मान हलवली. आम्ही दोघं मात्र दिवसभर त्या सुरकुतीकडं बघत होतो.

२२ फेब्रुवारी, जालना
अडचण. ही मालीश रोज पाहिजे, निदान काही महिने. अंबडहून रोज जालना जमणारं नाही, आणि दवाखान्याला खाट मोकळी पाहिजे. सिस्टर म्हणाली घरातल्या कुणीतरी शिकून घ्यावं. कोण? आक्काचा हात जड, आणि ती या गोष्टीला हात लावणार नाही. शालू लहान, आणि तिला ठाऊक नाही. सौ.ला स्वतःच्या गळ्यापर्यंत करता येईल, पण बाकीचं नाही.
"मंग तुम्ही शिका, वकीलसाहेब."
मी म्हणालो, मला कोर्ट असतं. सिस्टर म्हणाली, "सकाळी सहाला कोर्ट उघडत न्हाई."
सौ. खाली बघत होती. मला कळलं ती का खाली बघते. ऑपरेशननंतर आजतागायत तिनं मला छातीची ती बाजू दाखवलेली नाही. मीही विचारलं नाही. अंधारात चोळी बदलते, पाठ करून. आणि ही मालीश गळ्यानंतर थेट तिथंच येते.
उद्या सांगतो म्हणालो.

२३ फेब्रुवारी
सांगितलं, हो.

२७ फेब्रुवारी, जालना
शिकून राह्यलो. आधी स्वतःच्या पायावर, मंग सिस्टरच्या मनगटावर. माझा हात फार जड. ती म्हणते जोर कशाला, कातडी हलली पाहिजे, खालचं मांस हलता कामा नये. ताणायची, क्षणभर धरायची, सोडून द्यायची. सोडणं विसरलं तर सगळं फुकट. मी विसरतो.
आज वैतागून तिनं माझाच कोर्टातला उलटतपासणीचा शब्द फेकला, "साहेब, हाताची जिरह घेऊन राह्यलात तुम्ही. जिरह घेऊ नका. नुसतं विचारा."
खाटेवर बसलेली सौ. हसली. मुंबईनंतर असं हसताना पाहिली नव्हती.

३ मार्च, अंबड
घरी आलो. सकाळी आंघोळीनंतर खोलीचं दार लावलं. सौ. पलंगावर निजली, तोंड भिंतीकडं. पदर धरून ठेवलेला. मी उभा. हात धुऊन आलो, परत धुऊन आलो.
शेवटी तीच म्हणाली, "एकदा बघून घ्या. मंग जमेल."
आणि पदर सोडला.
काय लिहू. गळ्याखालपासून बरगडीपर्यंत तिरपा वण. कातडी हाडाला लागलेली. कुणी घाईनं शिवलेल्या पोत्यासारखी, आणि तरी तीच. मला रडू येईल वाटलं होतं. आलं नाही. उलट एक ओझं उतरल्यासारखं झालं, इतके दिवस न पाहता जे मनात वाढवून ठेवलं होतं ते याच्यापेक्षा फार वाईट होतं.
गळ्यापासून सुरू केलं. भीतीनं हात आपोआप हलका पडला.
ती भिंतीकडंच बघत म्हणाली, थंड आहेत हात तुमचे.

९ मार्च
काल धुळवड, कोर्ट बंद. आज कोर्टात वकिलांच्या खोलीत एकजण बोललाच, वकीलसाहेब हल्ली घरी नवीनच वकिली करतात म्हणे. कुठून फुटलं? माझा कारकून, मुन्शी, रोज सकाळी दाराबाहेर ताटकळतो, तोच बोलला असणार. सगळे हसले. मीही हसलो. मग म्हणालो, बायकोचा हात सुजतो, डॉक्टरांनी शिकवलंय, तो दाबतो. यापुढं काय विचारायचं ते विचारा.
आक्काला मात्र पटत नाही. तोंडानं बोलत नाही, भांडी जोरात ठेवते.

२५ मार्च
पाडवा झाला. गुढी शालूनं उभारली. सौ.च्या हाताला फारसा फरक नाही. सकाळी पट्टा सोडला की थोडा उतरलेला असतो, दुपारी परत भरतो. मी रोज डोळ्यानं मोजतो आणि रोज फसतो.
जालन्याहून निघताना सिस्टरनं एक सुतळी दिलीय. दंडाला गुंडाळून गाठ मारायची, दर आठवड्याला त्याच जागी. आज नवीन गाठ जुन्या गाठीच्या थोडी आत आली. मला वाटलं मीच ओढून धरली. परत बांधली. परत आतच.

१९ एप्रिल
ऊन फार. पत्रे तापतात. पट्ट्याखाली सौ.ला घामोळं उठलंय. आज दुपारी कोर्टातून आलो तर पट्टा सोडून कोपऱ्यात फेकलेला. हात परत टम्म.
म्हणाली, "पुरे झालं आता. माझ्यामागं तुमचा जन्म जाऊन राह्यला. हात असला काय, नसला काय."
मी चिडलो. बरंच बोललो. खर्चा, वेळ, जालन्याच्या फेऱ्या, सगळं काढलं. बोलल्यावर वाईट वाटलं. मग मी पट्टा उचलला, झटकला, गुंडाळायला घेतला तर आक्का आली. हातातून काढून घेतला आणि म्हणाली, हा घामेजलाय, धुतल्याशिवाय लावायचा न्हाई. घेऊन गेली.
संध्याकाळी दोरीवर तीन पट्टे वाळत होते, आक्काच्या सोवळ्याच्या दोरीच्या शेजारी.

२४ एप्रिल, जालना
रविवार. दोघं सिस्टरकडं. तिनं सौ.ला रागावलं नाही. घामोळ्याला पावडर दिली. उन्हात पट्टा सकाळ-संध्याकाळच बांधा, दुपारी पडून हात उशीवर ठेवा म्हणाली. शिवाय चूल पेटवताना चटका नको, सुई टोचायला नको, नखं दातानं कुरतडायची नाहीत, आणि त्या हातात कधी इंजेक्शन घ्यायचं नाही.
सौ.नं सरळ विचारलं, हे किती दिवस?
सिस्टर म्हणाली, "कायमचं. ही मालीश बरं करत न्हाई, वाहतं ठेवते. तुम्ही रोज घर झाडता न्हाई का. झाडलं म्हणून केर यायचा थांबतो का?"
परतीच्या मोटारीत सौ. म्हणाली, असं आधीच सांगितलं असतं तर मी रोज बरं व्हायची वाट पाहिली नसती. आता बरं वाटतंय. विचित्र बाई आहे ही. म्हणजे माझी.

१७ मे
कोर्टाला सुट्टी. सकाळची घाई नाही, त्यामुळं हात चांगला चालतो. आता मला बोटाखाली कळतं, कुठं कातडी पिठाच्या गोळ्यासारखी दबते आणि कुठं मऊ सुटते. मी डोळे मिटून करतो. आम्ही त्या वेळात बोलतो. इतक्या वर्षांत इतकं बोललो नव्हतो. तिच्या माहेरची विहीर, कोर्टातली माझी पहिली उर्दू बहस, शालूचं पुढं काय. दार उघडलं की परत आक्का, मुन्शी, भाजीवाली.

२ जून
बोटांची पेरं दिसून राह्यली. चारही.

५ जून
सकाळी खोलीतून आवाज आला. शालू ओरडत होती, आई दुखतंय, हळू. जाऊन पाहिलं तर सौ. तिची वेणी घालत होती. दोन्ही हातांनी. उजवा हात डोक्यापर्यंत जात होता. थोडा थरथरत, पण जात होता. गेली दोन वर्षं ती वेणी आक्का घालायची.
शालूला मागचं काही दिसत नव्हतं, ती तक्रार करत राहिली. मी दारातून मागं झालो.
दुपारी सौ.नं शालूला बसवून ऑपरेशनचं खरं सांगितलं. मी नव्हतो. आक्का होती. आक्का म्हणाली पोरीनं नीट ऐकलं, एकच विचारलं की परत होणार न्हाई ना. सौ.नं सांगितलं, ठाऊक न्हाई.

२८ ऑगस्ट, टेंभुर्णी
धोंड्याचा महिना. सासुरवाडीनं बोलावलं. पट्टा बांधलेला हात घेऊन सौ. पहिल्यांदा माहेरी आली. लोक बघतात, विचारतात. ती सांगते, पाणी साचतं हातात. बस्स.
मला अनारसे, धोतरजोडी, पाटाभोवती रांगोळी. आणि सकाळी हाच जावई खोलीचं दार लावून बायकोला मालीश करतो. पहिल्या दिवशी सासूबाईंना कळेना काय चाललंय. दुसऱ्या दिवशी सौ.नंच त्यांना आत बोलावलं. त्या कोपऱ्यात बसून बघत राहिल्या. लेकीच्या छातीवरचा वण त्यांनीही तेव्हाच पाहिला. पदर तोंडाला लावून बसल्या, पण उठून गेल्या नाहीत.
संपल्यावर पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवून म्हणाल्या, "बसा जावईबापू. दमलात."
आणि विचारलं, मला शिकवता का. शिकवतोय. त्यांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी हलका. लोणी काढायची सवय.

२४ सप्टेंबर
बोरीची फांदी तोडताना सौ.च्या बोटाला काटा लागला. संध्याकाळपर्यंत मनगटापर्यंत लाल रेघ. यावेळी देव, तेल काही नाही. मालीश बंद, सरळ जालना. पेनिसिलीन. दोन दिवसांत उतरला.
डॉक्टर म्हणाले, लवकर आलात, हात वाचला. सौ. म्हणाली, शिकलो न्हाई का आम्ही.

१६ ऑक्टोबर
हे लिहावं की नाही. लिहितो.
आज सकाळी गळ्याच्या हाडावर, उजवीकडं, नेहमीच्या जागी बोट ठेवलं. कातडी सरकवली. खाली काहीतरी. ज्वारीच्या दाण्याएवढं. टणक. सरकलं नाही.
परत ठेवलं. तिथंच.
मी थांबलो तर ती म्हणाली, "काय झालं? सोडणं विसरलात."
मी म्हणालो, काही न्हाई. पुढं केलं. पूर्ण केलं. पट्टा बांधला. मग पलंगाच्या कडेला बसून सांगितलं. लपवणार होतो, पण रोज त्या खोलीत जे बोलतो त्यानंतर लपवता येईना.
तिनं स्वतः बोट लावून बघितलं. बराच वेळ. म्हणाली, चहा टाकते.

१८ ऑक्टोबर, जालना
डॉक्टरांनी पाहिलं. सिस्टरनंही. डॉक्टर म्हणाले, टाक्याचा जुना रेशमी धागा आत राहून असा दाणा होतो, पुष्कळदा होतो. दुसरंही असू शकतं. इथं सांगता येत नाही. मुंबईला जाऊन ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच दाखवा, ते काढून तपासतील. दिवाळीपर्यंत थांबलं तर चालेल, त्याहून जास्त नको.
सिस्टर म्हणाली, तोपर्यंत मालीश थांबवा. दाणा काय आहे ते कळल्याशिवाय तिथलं पाणी हलवायचं न्हाई. पट्टा बांधा, हात उशीवर ठेवा, श्वास चालू ठेवा.
निघताना माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुमच्या बोटानं धरलं म्हणून कळलं. वरून कुणाला दिसलं नसतं."
ती धीर द्यायला बोलली. पण खरंही आहे.

२० ऑक्टोबर
सकाळ रिकामी. सहाला उठून बसतो. सौ.ही उठते. दार लावून दोघं नुसतेच बोलत बसतो.

३० ऑक्टोबर
माझा एक मुवक्किल आहे, कोंडिबा, अंबडच्या पलीकडं त्याचं शेत, बांधाचा मुकदमा. आज कागद घेऊन आला तेव्हा सोबत लेक होती, सगुणा. वाटूरला दिलेली. डावा पाय गुडघ्याखाली सुजून खांबासारखा. बाळंतपणानंतर सुजला तो उतरलाच नाही. सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं, पाय उतरल्याशिवाय धाडू नका म्हणून. तान्हं पोर सोबत आहे एवढंच नशीब.
पोरगी उंबऱ्याबाहेर पाय लुगड्याखाली लपवून बसली होती. सौ.नं दारातून पाहिलं. थेट बाहेर आली, तिच्यासमोर खाली बसली आणि स्वतःच्या हाताचा पट्टा सोडून दाखवला. कोंडिबा चाट पडला, मीही.

१ नोव्हेंबर, जालना
सौ. सगुणाला आणि तिच्या आईला घेऊन डॉक्टरांकडं गेली. मी नुसता सोबत. डॉक्टरांनी तपासलं, काळीज ठीक, लघवी ठीक, रक्ताची गुठळी नाही. मालीशीला हरकत नाही म्हणाले. सिस्टरनं पायाची वाट दाखवली. गळा, पोट, जांघ, मांडी, मग खाली. सौ. बारकाईनं बघत होती. मध्येच एकदा तिनं सिस्टरला जोर किती ते विचारलं, आणि सिस्टरनं तिच्या हातावर हात ठेवून दाखवलं.
सिस्टरचं म्हणणं, पोरीच्या आईनं शिकावं, पण पहिले काही दिवस जवळचं कुणीतरी पाहिजे.
सौ. म्हणाली, "मी आहे ना."

१० नोव्हेंबर
सगुणा आणि तिची आई रोज सकाळी बैलगाडीनं येतात. आमचीच खोली, आमचाच पलंग. दार लागतं. मी बैठकीत. बाळ आक्काच्या मांडीवर. त्या खोलीच्या बाहेर मला बसायची वेळ आली याची गंमत वाटते. सौ. एका हातानं करते, पट्ट्याचा हात जपून, आणि सगुणाच्या आईकडून दुसऱ्या हाताचं करून घेते. तिचा आवाज ऐकू येतो. हळू. सोडा. आता सोडा.
पायाचा घोटा अजून दिसत नाही. पोरगी मात्र लुगडं सावरत बसत नाही आता.

१८ नोव्हेंबर
दिवाळी झाली. उद्या मुंबई. सकाळची मोटार जालन्याला, तिथून रेल्वे, मनमाडला गाडी बदलायची. शालू आक्काजवळ राहील. मला रात्री झोप नाही. सौ. फराळाचे डबे भरते, कुणाला काय द्यायचं ते सांगते. घाबरली आहे, कळतं. पाणी पिताना भांडं दातावर वाजतं.
सगुणा आजही आली. मालीश झाली. कोंडिबा गाडी जुंपून बाहेर उभा, बैल चुळबुळ करत होते. आत उशीर होत होता. मी दाराशी जाऊन सांगणार, तोच ऐकलं. सौ. सगुणाच्या आईला सांगत होती.
"गळ्यापासून सुरू करायचं, पायाला घाई न्हाई करायची. ताप आला, लाल झालं, तर हात लावायचा न्हाई, जालन्याला जायचं. पट्टे आक्का देतील धुऊन. आठ दिवस तुम्ही करा. मी मुंबईहून आले की बघते."
सगुणानं विचारलं, बाई, खरंच येणार ना?
सौ. म्हणाली, "आल्यावर घोटा दिसला पाहिजे मला."
मी दार वाजवलं नाही. बाहेर येऊन कोंडिबाला म्हणालो, बैल सोडा, बसा जरा, वेळ लागेल. मग ट्रंक ओढली आणि सौ.चे धुतलेले पट्टे, किती लागतील ते न मोजता, सगळेच आत भरले.